स्टेट बँकेचं चिन्ह: वडापासून निळ्या गोलापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्टेट बँकेच्या लोगोचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "तो अहमदाबादच्या तळ्यावरून घेतलाय" आणि "ते किल्लीचं भोक आहे." बोर्ड, लेटरहेड, शिक्के यांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

हा निळा गोल कोणी काढला आणि कधी?

शेखर कामत यांनी, १९७१ साली. कामत हे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले, म्हणजे एनआयडीतले. ही संस्था १९६१ ची. चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला होता, त्यातून तिची कल्पना पुढे आली. बँकेचं काम तिच्याकडे आलं तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती.

जाता जाता एक गंमत. बँकेतली जुनी मंडळी याला लोगो म्हणत नाहीत, 'मोनोग्राम' म्हणतात. खरं तर मोनोग्राम म्हणजे अक्षरं एकमेकांत गुंफून केलेलं चिन्ह, आणि इथे तर एकही अक्षर नाही. पण तोंडात बसलेला शब्द व्याख्येला जुमानत नाही.

त्याआधी कोणतं चिन्ह होतं?

वडाचं झाड. १ जुलै १९५५ रोजी इंग्रजांच्या काळातल्या इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली, आणि नव्या बँकेने वड घेतला. त्यामागचा विचार समजायला अवघड नाही. गोरवाला समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करून सांगितलं होतं की खेड्यापर्यंत पोचणारी, सरकारचा हात असलेली मोठी बँक हवी. त्यानुसार झालेल्या कायद्याने नव्या बँकेवर पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचं बंधन घातलं. हाताशी होती जेमतेम ४८० कार्यालयं, म्हणजे पसारा जवळपास दुप्पट करायचा होता. पारंबी टेकते, तिचं खोड होतं, ते खोड पुढची पारंबी सोडतं. मराठीत तर हे चित्र समजावून सांगायचीही गरज नाही, कारण झाडालाही शाखा आणि बँकेलाही शाखा.

मग इतकं चांगलं चिन्ह सोडलं कशासाठी?

मी माझ्या धंद्याच्या बाजूने सांगतो. वडाचं झाड भिंतीवर चार फूट उंच काढलं तर देखणं दिसतं. तेच झाड रुपयाएवढ्या रबरी शिक्क्यात कोरून पाहा. पहिले आठ-दहा दिवस पानं दिसतात. मग पानांमधल्या फटींत शाई साचते, पारंब्या एकमेकींना चिकटतात, आणि महिन्याभराने पासबुकावर उमटतो तो जांभळा फुलकोबी. लेटरहेडच्या कोपऱ्यात, चेकवर, दौतीखालच्या टीपकागदावर सगळीकडे तीच कथा. त्यातून शाखा तालुक्याच्या गावांपर्यंत जाऊ लागल्या की प्रत्येक ठिकाणचा पेंटर आपापला वड काढणार. कुणाचा वड आंब्यासारखा, कुणाचा कडुनिंबासारखा.

दुसरं कारण अर्थाचं. वडाखाली दुसरं काही उगवत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ज्या संस्थेचं कामच दुसऱ्यांना उभं करणं आहे, तिच्या डोक्यावर हे झाड जरा विचित्रच.

काळही बदलला होता. १९ जुलै १९६९ रोजी १४ खाजगी बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तोवर देशाची म्हणावी अशी मोठी बँक स्टेट बँकच होती. त्यानंतर अशा बऱ्याच झाल्या, आणि एकाच बाजारपेठेत पाच सरकारी बँकांचे बोर्ड ओळीने दिसू लागले. त्या गर्दीत लांबून ओळखू येणारं काहीतरी हवं होतं. बँकेच्या अध्यक्षपदी तेव्हा आर. के. तलवार होते.

कांकरिया तळ्याची गोष्ट खरी आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. गोष्ट अशी सांगतात: अहमदाबादच्या कांकरिया तळ्याला वरून पाहिलं तर गोल पाणी, मधोमध नगीनावाडीचं बेट आणि काठापासून बेटापर्यंत जाणारी सरळ वाट. म्हणजे हुबेहूब स्टेट बँक. चिन्ह काढणारी संस्थाही त्याच शहरातली. मग काय, दोन अधिक दोन चार!

साम्य आहे, यात वाद नाही. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा, कांकरियावर जा, वाट खाली येईल असा नकाशा फिरवा, हसू येतं. पण मी ही गोष्ट 'ऐकीव' या खात्यात ठेवतो, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं म्हणजे तळं गोल नाही, बहुकोनी आहे. १४५१ मध्ये सुलतान कुत्बुद्दीनच्या काळात ते बांधून पूर्ण झालं आणि त्याचा काठ सरळ बाजू जोडत जोडत वळवलेला आहे. गोल दिसतो तो उंचावरून. दुसरं, १९७१ मध्ये कुणाच्या खिशात उपग्रहाचा नकाशा नव्हता. तळ्याकाठी भेळ खाणाऱ्या माणसाला पाणी दिसतं, झाडं दिसतात, वर्तुळ दिसत नाही. ही गोष्ट फोफावली ती वरून घेतलेले फोटो घरोघरी पोचल्यावर, असं मला वाटतं. आणि तिसरं, वर्तुळ, मधलं छिद्र आणि एक सरळ चीर हा आकार इतका प्राथमिक आहे की तो तळ्यातही सापडतो, कुलपातही आणि शाळेच्या भूमितीच्या वहीतही. आकार सापडला म्हणजे उगम सापडला असं होत नाही.

तरी ही गोष्ट मरणार नाही, आणि मरावी असंही मला वाटत नाही. ज्या चिन्हाभोवती लोक गोष्टी रचतात ते लोकांनी आपलं मानलेलं असतं.

मग ते नेमकं काय आहे? किल्लीचं भोक की माणूस?

दोन्ही अर्थ चालतात आणि दोन्ही वर्षानुवर्षं सांगितले गेले आहेत. किल्लीचं भोक म्हणजे तिजोरी, सुरक्षितता. दुसऱ्या वाचनात मोठं वर्तुळ म्हणजे पूर्णत्व, आणि मधला छोटा गोल व त्याखालची रेघ म्हणजे डोकं आणि धड, अर्थात सामान्य माणूस, बँकेच्या केंद्रस्थानी. काही जण याला मोठ्या शहरातली अरुंद गल्ली आणि तिच्या टोकाची बँकेची शाखा असंही म्हणतात. ते मला जरा ओढूनताणून वाटतं.

माझ्या दृष्टीने अर्थापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हे चिन्ह कुणालाही काढता येतं. आमच्याकडे काम करणारे एक पेंटर होते. ते पत्र्यावर खिळा ठोकायचे, त्याला सुतळी बांधायचे, सुतळीच्या टोकाला खडू. एक फेरी मारली की मोठा गोल. सुतळी बोटाला गुंडाळून आखूड केली, दुसरी फेरी, छोटा गोल. मग पट्टी लावून खाली दोन समांतर रेघा. बाहेर निळा, आत पांढरा. चहा येईपर्यंत मोनोग्राम तयार! खिळ्याचं भोक छोट्या गोलाच्या बरोबर मध्यावर राहायचं आणि शेवटी पांढऱ्या रंगाच्या थेंबाने बुजायचं. वडाला हा पेंटर दोन दिवस लावायचा आणि वर कुरकुर करायचा.

ज्याला वाचता येत नाही तोसुद्धा "गोल आहे, मधी भोक आहे, ती बँक" असं सांगू शकतो. फोनवर वर्णन करता येईल असं चिन्ह करणं ही फार अवघड गोष्ट आहे.

बँक तर दोनशे वर्षांची म्हणतात. लोगो नव्हते तेव्हा ओळख कशी पटायची?

नोटांवरून! हा भाग लोकांना माहीत नसतो, म्हणून जरा विस्ताराने.

२ जून १८०६ रोजी कलकत्त्यात बँक ऑफ कॅलकटा सुरू झाली. २ जानेवारी १८०९ पासून ती बँक ऑफ बेंगॉल झाली. मुंबईत बँक ऑफ बाँबे १८४० मध्ये आली, मद्रासमध्ये बँक ऑफ मद्रास १८४३ मध्ये. या तिघी प्रेसिडेन्सी बँका, स्टेट बँकेच्या थेट पूर्वज. त्या काळी नोटा काढण्याचा हक्क त्यांना होता, तो १८६१ च्या कागदी चलन कायद्याने सरकारने स्वतःकडे घेतला. म्हणजे तोवर बँकेचं सगळ्यात जास्त हिंडणारं, सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं ओळखपत्र म्हणजे तिची नोट.

बँक ऑफ बेंगॉलच्या सुरुवातीच्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या. नंतरच्या मालिकेत धक्क्यावर बसलेली एक स्त्री आली, 'कॉमर्स' म्हणजे व्यापाराची मूर्ती. बँकेचं नाव आणि रक्कम उर्दू, बंगाली आणि नागरी अशा तीन लिप्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही व्यापारीण उठली आणि तिच्या जागी ब्रिटानिया येऊन बसली, ब्रिटनचं मूर्तरूप. आधी चेहरा व्यापाराचा, मग राज्याचा. सत्ता कुणाची, हे चित्र बदलून सांगण्याची ही पद्धत जुनीच.

आपल्या मुंबईच्या नोटा मला जास्त आवडतात. त्यांच्यावर टाऊन हॉल होता, तोच, फोर्टातला, आज एशियाटिकच्या पायऱ्या म्हणून आपण जिथे बसतो ती इमारत. काही नोटांवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम यांचे पुतळे. मद्रासच्या नोटेवर तिथला गव्हर्नर थॉमस मन्रो. देवी नाही, प्राणी नाही, सरळ गावातली माहितीची इमारत आणि माहितीचे साहेब. "आम्ही इथलेच" हे सांगण्याचा हा सरळ मार्ग होता.

मुंबईच्या बँकेने ब्रँडिंगचा एक कडू धडाही दिला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात शेअरचं वेड पसरलं, युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये फुगा फुटला आणि त्या तडाख्यात बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये बंद करावी लागली. त्याच वर्षी तिची नवी आवृत्ती उभी राहिली, आणि नाव काय? न्यू बँक ऑफ बाँबे! बुडालेल्या नावाला 'न्यू' जोडून काम भागवलं. आज एखादी जाहिरात संस्था या सल्ल्याचे काही लाख लावेल.

इंपीरियल बँक हे नाव कधी आलं?

२७ जानेवारी १९२१ रोजी, तिन्ही प्रेसिडेन्सी बँका एकत्र झाल्यावर. कलकत्ता, मुंबई, मद्रास ही शहरांची नावं गेली, साम्राज्य आलं. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये सुरू होईपर्यंत सरकारची बँक म्हणून हीच काम करायची. स्वातंत्र्यानंतर 'इंपीरियल' हा शब्द बोर्डावर आठ वर्षं टिकला, याचंच मला आश्चर्य वाटतं.

रंग निळाच का?

जगभर निळा हा भरवशाचा, थंड डोक्याचा रंग मानतात, म्हणून बँकांना तो आवडतो. व्यवहाराची बाजू अशी की गडद निळा लांबून काळ्याइतका स्पष्ट दिसतो आणि काळ्यासारखा सुतकी वाटत नाही.

आमच्याकडे मराठवाड्यात एसबीएच, म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबाद होती. तिचाही लोगो हाच कसा?

कारण ती स्टेट बँकेची सहयोगी बँक होती. हैदराबाद स्टेट बँक १९४१ मध्ये निजामाच्या राज्यात सुरू झाली, आणि मराठवाडा त्या राज्यात असल्यामुळे औरंगाबाद, नांदेड, परभणीकडे तिचा जम बसला. १९५९ च्या कायद्याने संस्थानांच्या अशा बँका स्टेट बँकेच्या उपकंपन्या झाल्या: बिकानेर, जयपूर, इंदूर, म्हैसूर, पटियाला, सौराष्ट्र, त्रावणकोर आणि हैदराबाद. पुढे या सगळ्यांनी तोच निळा गोल लावला आणि बाजूला आपापलं नाव.

हा मधला काळ ब्रँडिंगच्या दृष्टीने फार मजेशीर. चिन्ह एक, नावं अनेक, खाती वेगळी, मॅनेजर वेगळे. एसबीएचचं पासबुक घेऊन स्टेट बँकेच्या काउंटरवर गेलेला माणूस "लोगो तर तोच आहे की हो" म्हणून हुज्जत घालायचा, आणि कॅशियरला त्याला दोन चौक पलीकडे पाठवावं लागायचं. चूक त्या माणसाची नव्हती. चिन्ह एकच आहे असं डोळ्यांना सांगायचं आणि बँक वेगळी आहे असं कानांना, तर माणूस डोळ्यांवरच विश्वास ठेवणार.

२०१७ मध्ये नेमकं काय बदललं?

त्या वर्षी १ एप्रिलला बिकानेर अँड जयपूर (या दोन बँका १९६३ मध्येच एक झाल्या होत्या), हैदराबाद, म्हैसूर, पटियाला, त्रावणकोर या उरलेल्या पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. सौराष्ट्र २००८ मध्ये आणि इंदूर २०१० मध्ये आधीच आल्या होत्या. त्याच सुमारास ओळखीलाही नवा हात फिरवला गेला. काम केलं मुंबईच्या डिझाइन स्टॅक या संस्थेने.

कामतांचा आकार तसाच राहिला. गोल, छिद्र, चीर, सगळं जागेवर. बदललं ते आजूबाजूचं. आधी चिन्हासोबत बँकेचं पूर्ण नाव यायचं. आता शेजारी ठळक 'एसबीआय' आलं. रंगात दोन निळे झाले: गोलाला उजळ आकाशी, अक्षरांना शाईसारखा गडद. अक्षरांचं वळणही साफसूफ झालं.

उजळ आकाशी कशासाठी, हे मोबाइल हातात घेतला की कळतं. छापखान्याचा जुना निळा कागदावर भारदस्त दिसतो, पण पडद्यावरच्या नखाएवढ्या चौकोनात तो मंद होऊन बसतो आणि मधली चीर नीट दिसत नाही. पन्नास वर्षांपूर्वी चिन्हाची परीक्षा रबरी शिक्क्यात व्हायची, आता ती अॅपच्या चौकोनात होते. मजा म्हणजे दोन्ही परीक्षांचा आकार साधारण सारखाच.

इतका मोठा बदल असून लोकांना फारसा कळला का नाही?

कळू नये म्हणूनच तसा केला असणार. ज्या बँकेत कोट्यवधी लोकांची पेन्शन येते तिने सकाळी उठून चेहरा बदलला तर लोक पैसे काढायला रांग लावतील.

'स्टेट बँक' म्हणायचं की 'एसबीआय'?

माझी आई 'स्टेट बँक' म्हणते, माझी मुलगी 'एसबीआय'. बोर्डाने आता मुलीची बाजू घेतली आहे. मला स्वतःला यात थोडं नुकसान वाटतं. 'स्टेट बँक' या दोन शब्दांत कचेरीचा दरारा होता, आद्याक्षरं कुणाचीही असू शकतात. पण मोबाइलच्या पडद्यावर तीन अक्षरंच मावतात, तिथे माझ्या हळहळीला कोण विचारतो.

बोर्डावर 'बँक' आणि 'बैंक' असं दोन्ही दिसतं. छपाईची चूक आहे का?

नाही. महाराष्ट्रातल्या शाखेवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत नाव असतं. हिंदीत 'भारतीय स्टेट बैंक', दोन मात्रांचं. मराठीत 'भारतीय स्टेट बँक', चंद्रावर अनुस्वार. बोर्ड बनवणारा परप्रांतातला असला की तो हिंदीची ओळच दोनदा चिकटवतो आणि मराठी ओळ गायब होते. बोर्ड पास करण्याआधी एवढं तरी डोळ्यांखालून घालावं. 'बॅंक' असंही लिहिलेलं सापडतं, ते अॅवर अनुस्वार देण्याची जुनी पद्धत. वाचताना फरक पडत नाही.

योनोचा लोगो वेगळा का?

योनो हे अॅप नोव्हेंबर २०१७ मध्ये आलं; 'यू ओन्ली नीड वन' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. बँकेला ते तरुणांचं, खरेदी-तिकिटं-बँकिंग एकाच ठिकाणी देणारं दुकान म्हणून उभं करायचं होतं, म्हणून त्याला स्वतःचं नाव आणि स्वतःचा रंग दिला. परिणाम असा की पन्नाशीपुढचे लोक आजही विचारतात, "हे योनो आपल्या बँकेचंच ना?" निळा गोल ठळक असता तर हा प्रश्न आला नसता.

माझ्याकडे एसबीएचचं जुनं चेकबुक आहे. चालेल का?

नाही. सहयोगी बँकांचे चेक २०१७ नंतर बाद झाले. शिवाय २०१८ मध्ये स्टेट बँकेने सुमारे १,३०० शाखांची नावं आणि आयएफएससी कोड बदलले, त्यामुळे जुन्या पासबुकावरचा कोड देऊन पैसे मागवू नका. हैदराबादवाल्यांचे कोड 'एसबीएचवाय' या अक्षरांनी सुरू व्हायचे, आता सगळीकडे 'एसबीआयएन'. पासबुक मात्र फेकू नका. त्यावरचा गोल, बाजूचं नाव आणि आतली हाताने केलेली नोंद असा तिहेरी ऐवज पुन्हा मिळणार नाही.

लोगो बघून मेसेज खरा की खोटा ते ओळखता येईल का?

अजिबात नाही. वर पेंटरची सुतळी सांगितली ना? जे चिन्ह चहा येईपर्यंत पत्र्यावर काढता येतं ते चोरट्याला संगणकावर उतरवायला एक मिनिटही लागत नाही. "तुमचं केवायसी संपलंय" म्हणणाऱ्या मेसेजवर निळा गोल अगदी अचूक असतो, कधीकधी खऱ्यापेक्षा स्वच्छ.

बघायचा तो वेबसाइटचा पत्ता. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्यायला सांगितलं, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हा शेवट नोंदणीकृत बँकांनाच मिळतो. त्यातही तो शेवट पत्त्याच्या अगदी टोकाला, सुरुवातीच्या 'https://' नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी असायला हवा; मधेच कुठेतरी 'बँक' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. आणि लिंकवर बोट ठेवण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करा.